आलंकारिक भाषा, प्राथमिक वाचनातील
आलंकारिक भाषा, प्राथमिक वाचनातील : वाच्यार्थ ओलांडून दुसरा अर्थ सुचविणाऱ्या भाषेशी सहा ते दहा या वयोगटातील वाचकाचा परिचय करून देण्याची रीत, तिच्यामागील विचार आणि त्या दृष्टीने क्रमिक पुस्तके व बालसाहित्य यांची योग्यायोग्यता यांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती हे अर्थालंकार, तसेच वाक्प्रचार व म्हणी यांचा समावेश येथे आलंकारिक भाषेत केला आहे. अनुप्रास, यमक यांसारख्या शब्दालंकारांचा विचार प्रसंगोपात्त आला आहे.

मूल शाळेत येते ते ही भाषा बरोबर घेऊनच. चंद्राला मामा म्हणणे, भूक लागली असता पोटात कावळे ओरडतात असे म्हणणे, खुर्चीचे हात, बाटलीचे तोंड, घड्याळाचे काटे, डोंगराचा पायथा असे शब्दप्रयोग पाच वर्षांच्या मुलाच्या नित्य कानांवरून गेलेले असतात. त्यांतील बरेचसे ते स्वतःही सहज वापरते. तेव्हा आलंकारिक भाषा मुलाला शिकवावी की नाही, हा प्रश्न नसून कानाने परिचित झालेली ही भाषा छापील अक्षरांत त्याला ओळखता कशी येईल, हा खरा प्रश्न आहे. बोलताना बोलणाऱ्याचा आवाज, मुद्रा, हातवारे आणि समोरचा प्रसंग अर्थाला साहाय्य करतात. छापील ओळीपाशी यांतील काहीही नसते. ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी लेखक, चित्रकार आणि शिक्षक यांच्यावर येते.

भारतीय साहित्यशास्त्रातील आधार : या प्रश्नाच्या उलगड्यास भारतीय साहित्यशास्त्र आजही उपयोगी पडते. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक व यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढे भामह, दंडी, उद्भट, रुद्रट आदींनी त्यांची संख्या वाढवीत नेली [⟶ अलंकार, साहित्यातील]. शालेय अध्यापनात आले ते मुख्यतः या परंपरेतील वर्गीकरण. तिच्यातील अर्थप्रक्रियेचा विचार मात्र मागे राहिला. वस्तुतः लहान वाचकाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते त्या विचारालाच.

मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत. मुख्य अर्थ जुळत नाही असे जाणवले पाहिजे (मुख्यार्थबाध). नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी काही संबंध असला पाहिजे (तद्योग). आणि असा प्रयोग करण्यामागे रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक कारण असले पाहिजे. गंगेवर गौळवाडा आहे, असे म्हटले असता प्रवाहावर वस्ती असणे अशक्य म्हणून ऐकणारा ‘काठावर’ असा अर्थ घेतो. ‘काठावर’ असे सरळ न म्हणण्याचे प्रयोजन म्हणजे त्या स्थळाचे शैत्य व पावित्र्य सुचविणे.

या तीन अटी म्हणजे बालवाचकाने चढावयाच्या तीन पायऱ्याच होत. पहिल्या पायरीवरच त्याची अडचण होते. ज्याच्या गोष्टींत कोल्हा बोलतो, भोपळ्यात बसून म्हातारी प्रवास करते आणि राक्षसाचे प्राण पोपटात असतात, त्याला ‘तो माणूस दगड झाला’ या वाक्यात काहीच न जुळणारे वाटत नाही. मुख्यार्थाचा बाध जाणवत नाही म्हणून पुढचा शोधही सुरू होत नाही. तिसरी अट अध्यापनाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. ‘नाकी नऊ येणे’ यासारखा वाक्प्रचार ही रूढीवर उभी असलेली लक्षणा होय. ‘पावसाने डोंगराला आंघोळ घातली’ हे वाक्य प्रयोजनावर उभे आहे. पहिल्याचा अर्थ वापरातून कळतो, दुसऱ्याचा शोधून काढावा लागतो. शालेय पाठांत या दोहोंना एकाच रीतीने वागविले जाते व त्यामुळे दोहोंचेही नुकसान होते.

उपमेच्या लक्षणात मम्मटाने दोन वस्तूंमधील भेदाचीही अट घातली आहे. भेद असताना जाणवणारे साधर्म्य म्हणजे उपमा. मुलांना ‘काय सारखे आहे?’ एवढेच विचारणाऱ्या प्रश्नपत्रिकेत ही अट विसरली जाते. ‘काय वेगळे आहे?’ हा प्रश्नही तितकाच आवश्यक होय.

बालमानसशास्त्रीय संशोधन : ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात रूपकावरील प्रभुत्व दुसऱ्याकडून शिकता येत नाही, ते प्रतिभेचे लक्षण होय, असे मत मांडले आहे. मुलांच्या भाषेच्या अभ्यासकांना मात्र ही शक्ती बालपणी सर्वत्र आढळली. रशियन कवी व समीक्षक कर्न्येई चुकोव्हस्की यांनी दोन ते पाच या वयातील मुलांच्या बोलण्याचा मोठा संग्रह केला. १९२८ मध्ये वेगळ्या नावाने प्रथम प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ पुढे दोन ते पाच या अर्थाच्या शीर्षकाने जगभर वाचला गेला. मुले स्वतः नव्या कल्पना सहज करतात, परंतु मोठ्यांच्या रूढ वाक्प्रचारांचा अक्षरशः अर्थ घेऊन त्यांवर आक्षेप घेतात, ही त्यांच्या संग्रहातून दिसणारी विसंगती पुढील संशोधनाचा विषय झाली.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना म्हणी देऊन त्यांच्या अर्थाची वाक्ये निवडावयास सांगितल्याचे प्रयोग दिले आहेत. बहुतेक मुलांनी म्हणीचा अर्थ न उमगताही आत्मविश्वासाने जोड्या लावल्या व त्यांचे समर्थनही केले. सॉलोमन ॲश व हॅरिएट नर्लोव्ह यांनी १९६० मध्ये वस्तू व व्यक्ती या दोहोंना लागू पडणाऱ्या गोड, थंड, कठीण, वाकडा अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची मुलांना असलेली समज तपासली. सर्वांत लहान मुले हे शब्द वस्तूंपुरतेच मानीत. सात-आठ वर्षांची मुले ते माणसांनाही लावीत. पण दोन अर्थ स्वतंत्र समजत. त्या दोन अर्थांमधील नाते मोठ्या मुलांनाच सांगता येई. मराठीत ‘गोड मुलगी’, ‘थंड डोक्याचा माणूस’, ‘तिखट बोलणे’, ‘कडक शिक्षक’ या प्रयोगांबाबत हाच प्रश्न उपस्थित होतो.

एलन विनर, ॲन रोझेनस्टील व हॉवर्ड गार्डनर यांच्या १९७६ मधील अभ्यासात तुरुंगाचा पहारेकरी कठीण खडक झाला, अशा आशयाचे वाक्य सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुढे ठेवले होते. लहान मुलांनी जादूने तो खरोखर दगड झाला, तो दगडी भिंतींच्या तुरुंगात काम करीत असे, किंवा त्याचे अंग दगडासारखे टणक होते, असे अर्थ केले. स्वभावाच्या कठोरपणापर्यंत मोठी मुले पोहोचली. मुख्यार्थबाध न जाणवल्यास काय घडते, याचे हे उत्तम उदाहरण होय. मात्र या उत्तरांना केवळ चुका म्हणणे योग्य नाही. दगडी भिंतीचा आधार घेणारे मूल संबंध शोधीतच असते. त्याने साधर्म्याऐवजी सान्निध्याचा संबंध निवडला एवढेच.

या संशोधनावर घेतला गेलेला आक्षेपही तितकाच महत्त्वाचा आहे. वाक्य कळणे आणि त्याचा अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगता येणे या दोन वेगळ्या शक्ती आहेत. स्टेला व्होस्निआडू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना अर्थ न विचारता गोष्टीचा शेवट खेळण्यांच्या साहाय्याने करून दाखवावयास सांगितले. शेवटाचा अंदाज गोष्टीवरून येत असेल, तर शाळापूर्व वयाच्या मुलांनाही रूपकात्मक वाक्याचा अर्थ लागतो, असे त्यात दिसून आले. म्हणजे अडचण केवळ वयाची नाही. संदर्भाची आणि प्रश्न विचारण्याच्या रीतीचीही आहे. ‘अर्थ सांगा’ या प्रश्नाला मौन राहणारे मूल तोच अर्थ कृतीने किंवा चित्राने दाखवू शकते.

मराठी क्रमिक पुस्तके व बालसाहित्य : मराठीतील मुद्रित बालवाचनाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे बाळमित्र (१८२८) व त्यांनी मराठीत आणलेल्या इसापच्या कथा ही त्यातील प्रमुख नावे. इसापची कथा हे मुळात एक विस्तारित रूपकच असते. परंतु कथेच्या शेवटी तात्पर्य वेगळे छापण्याची प्रथा पडल्यामुळे अर्थाचा शोध घेण्याचे काम वाचकाकडून काढून घेण्यात आले. कोल्हा आणि द्राक्षे यांच्यातून मनुष्यस्वभाव ओळखण्याचा आनंद मुलाला मिळण्यापूर्वीच उत्तर त्याच्या हाती पडते. ही सवय पुढील शंभर-दीडशे वर्षे मराठी शालेय वाचनात टिकून राहिली [⟶ बालसाहित्य].

विसाव्या शतकात हे चित्र पालटू लागले. प्र. के. अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेने बोधापेक्षा वाचनाच्या गोडीला स्थान दिले. साने गुरुजींच्या श्यामची आई (१९३५) या पुस्तकातील एक प्रसंग आलंकारिक भाषेच्या परिचयाचा आदर्श म्हणून दाखविता येतो. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आई त्याच्या पायांखाली आपले लुगडे पसरते आणि पायांना जपतोस तसे मनालाही घाण लागू नये म्हणून जप, अशा आशयाचे बोलते. येथे उपमान कल्पनेतून आणलेले नाही. ते मुलाच्या पायांखाली आहे. ओल्या पायाला माती लागण्याची नकोशी जाणीव आधी येते आणि ‘मन’ या न दिसणाऱ्या वस्तूला ती नंतर दिली जाते. म्हणूनच बोधप्रधान असूनही हा प्रसंग वाचकाच्या मनात टिकतो.

विंदा करंदीकरांच्या राणीची बाग (१९६१) या संग्रहापासून मराठी बालकवितेत वेगळे वळण आले. प्राण्यांचे वर्णन करताना शोभेपेक्षा विक्षिप्त कल्पनेला येथे महत्त्व आहे. कल्पना जितकी विपरीत, तितका मुख्यार्थबाध स्पष्ट. त्यामुळे ‘हे खरे नाही, ही गंमत आहे’ ही जाणीव बालवाचकाला आपोआप होते. विसंगतीचा विनोद हे आलंकारिक भाषेचे पहिले व्याकरण होय, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो. अमेरिकन लेखिका पेगी पॅरिश यांनी १९६३ पासून लिहिलेल्या अमीलिया बेडेलिया या कथामालेत प्रत्येक सूचनेचा शब्दशः अर्थ घेणारी मोलकरीण नायिका आहे. तिला हसणारे मूल वाच्यार्थ व लक्ष्यार्थ यांतील अंतर स्वतः मोजत असते. मराठीत वाक्प्रचारांची विपुलता असूनही या तत्त्वाचा उपयोग प्रारंभिक वाचनात पुरेसा झालेला नाही.

महाराष्ट्रात २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती) आणि मंडळाचे १९७१ मध्ये सुरू झालेले किशोर हे मासिक यांच्यामुळे नामवंत कवी व चित्रकार यांचे साहित्य खेडोपाडीच्या मुलांपर्यंत पोहोचले. पाठांच्या निवडीत झालेली ही प्रगती स्वाध्यायांत मात्र त्याच प्रमाणात उतरली नाही.

प्रचलित अध्यापनातील दोष : पहिला दोष म्हणजे संज्ञेची घाई. उपमेय, उपमान, साधारण धर्म व साम्यवाचक शब्द ही चौकट मोठ्या इयत्तांसाठी उपयुक्त असली, तरी तिची छाया प्राथमिक वर्गांवर पडते. ‘सारखा’, ‘जसा’, ‘प्रमाणे’ आले की उपमा आणि ‘जणू’ आले की उत्प्रेक्षा, असे मुलाच्या मनावर बिंबविले जाते. ‘माझी वही तुझ्या वहीसारखी आहे’ या वाक्यात ‘सारखी’ असूनही अलंकार नाही, कारण त्यात भिन्न वस्तूंची अनपेक्षित भेट नाही. शब्दावर बोट ठेवून अलंकार ओळखणारे मूल या वाक्यापाशी फसते.

दुसरा दोष एकाच उत्तराचा आग्रह. ‘आजीचे हात खारकेसारखे होते’ या वाक्यावर एका मुलाला सुरकुत्या आठवतील, दुसऱ्याला रंग, तिसऱ्याला वरून रुक्ष व आत गोड असणे. ही तिन्ही उत्तरे वाक्याने दिलेली आहेत. मार्गदर्शिकेत मात्र एकच उत्तर छापलेले असते आणि शिक्षक उरलेली दोन खोडतो. ज्या मुलाचे उत्तर खोडले गेले, त्याला उपमा कळली नाही असे नव्हे. कळलेली उपमा परीक्षेत मांडू नये, एवढे मात्र त्याला कळते.

तिसरा दोष लेखनातील आहे व तो अधिक गंभीर आहे. ‘आजीचे हात म्हणजे मायेचा सागर’ यासारखी वाक्ये मुलांसाठी लिहिण्याची मोठ्यांना हौस असते. माया दिसत नाही, आणि महाराष्ट्रातील असंख्य मुलांनी सागरही पाहिलेला नसतो. न दिसणारी वस्तू न पाहिलेल्या वस्तूने समजावण्याचा हा प्रकार होय. मुले म्हणजे फुले, बालपण म्हणजे फुलपाखरू, गुरू म्हणजे दीपस्तंभ या रूपकांतून मोठ्यांच्या मनातील बालक दिसते. मुलाने पाहिलेले जग दिसत नाही. अशा भाषेचा परिणाम असा होतो, की तिसरी-चौथीतील मुलाच्या निबंधात तीच तयार रूपके उतरतात आणि शाळेत येण्यापूर्वी त्याच्या बोलण्यात असलेली ताजी कल्पना दिसेनाशी होते. शाळापूर्व वयात रूपकनिर्मिती विपुल असते व शालेय वयात ती मंदावते, असे गार्डनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये नोंदविले होते. वाढत्या वयाबरोबर नियमांची ओढ लागणे हे त्याचे एक कारण मानले जाते. तथापि ती ओढ आणखी घट्ट करण्याचे काम तरी शाळेने करू नये.

वाक्प्रचार व म्हणी : ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा मराठी शाळेतील बहुधा सर्वाधिक परिचित प्रश्न होय. सर्व वाक्प्रचार मात्र एका जातीचे नाहीत. ‘पाठ फिरवणे’, ‘कान टवकारणे’, ‘पाठीवर हात फिरवणे’ यांचा अर्थ कृती करून पाहिली तरी लक्षात येतो. ‘पोटात कावळे ओरडणे’, ‘डोळ्यांत तेल घालून पाहणे’ यांचा अर्थ थोड्या कल्पनेने लागतो. ‘नाकी नऊ येणे’ यासारख्यांच्या मुळाशी असलेली कल्पना मोठ्यांनाही सहसा आठवत नाही. चौथा वर्ग कथा-इतिहासावर आधारलेल्यांचा : ‘अटकेपार झेंडा लावणे’ (१७५८), ‘पानिपत होणे’ (१७६१), ‘ध चा मा करणे’ (नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाशी निगडित आख्यायिका), ‘भगीरथ प्रयत्न’, ‘कुंभकर्णाची झोप’. यांतील कथा आधी सांगितल्यावाचून अर्थ देणे म्हणजे कुलूप न दाखवता किल्ली देणे होय.

यावरून क्रम उघड होतो. पहिला वर्ग खेळातून व अभिनयातून पहिली-दुसरीत यावा. दुसरा चित्रे व गोष्टी यांतून. चौथा इतिहासाच्या व पुराणकथांच्या वाचनाबरोबर. तिसरा वर्ग पाठ करून घेण्याऐवजी पाठांमध्ये वारंवार यावा, कारण रूढ लक्षणा रूढीनेच कळते. यादीतून पाठ केलेल्या वाक्प्रचाराचे वाक्यही यादीतलेच असते.

म्हणींच्या निवडीत आणखी एक विवेक आवश्यक आहे. जुन्या म्हणींपैकी पुष्कळ म्हणी जाती, स्त्रिया, वर्ण व शारीरिक व्यंग यांच्या उपहासावर उभ्या आहेत. ‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’ ही म्हण निष्काळजी कारभाराविषयी असली, तरी दृष्टिहीन मूल ज्या वर्गात बसले आहे तेथे लक्ष्यार्थापूर्वी वाच्यार्थ त्याला लागतो. लहान वाचकाच्या बाबतीत वाच्यार्थ कधीही पूर्णपणे मावळत नाही, हे वरील संशोधनातून स्पष्ट झालेच आहे. म्हणून अशा म्हणी समाजेतिहासाचे साधन म्हणून मोठ्या वयात अभ्यासाव्यात. प्राथमिक वाचनात त्यांचे स्थान नाही.

उपमानांची निवड आणि बोली : उपमा कळणे हे अलंकारज्ञानापेक्षा वस्तुज्ञानावर अधिक अवलंबून असते. कापसाच्या गंजीसारखे ढग यवतमाळच्या मुलाला तत्काळ दिसतात. रत्नागिरीच्या मुलाला होडीच्या शिडासारखे किंवा भाताच्या लोंबीसारखे म्हटलेले कळते. बर्फाच्छादित शिखरे व राजहंस दोघांनाही सारखेच दूर आहेत. मुंबई-पुण्याच्या मुलाला जाते, मोट, रहाट या वस्तू आता चित्रातच भेटतात. एकाच पुस्तकाने सर्व राज्याची गरज भागवावयाची असल्यामुळे हा पेच पूर्णपणे सुटणारा नाही. त्यावर उपाय दोन : पाठ्यपुस्तकातील उपमाने शरीर, पाऊस, सावली, भाकरी, आई, पक्षी अशा सर्वांच्या अनुभवातील असावीत, आणि स्थानिक उपमाने मुलांकडून घेण्यासाठी स्वाध्यायात मोकळी जागा असावी.

हा मुद्दा बोलींच्या व आदिवासी भाषांच्या संदर्भात अधिक तीव्र होतो. बहिणाबाई चौधरी यांची १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली गाणी शेत, चूल, जाते व पक्ष्याचे घरटे यांतून आलेल्या प्रतिमांनी समृद्ध आहेत; त्यांची भाषा खानदेशी बोली आहे आणि कवयित्री निरक्षर होत्या. प्रतिमासृष्टीसाठी प्रमाणभाषेची पूर्वअट नसते, याचा याहून मोठा पुरावा मराठीत नाही. असे असता अहिराणी, मालवणी बोलणारे किंवा मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, पालघरमध्ये वारली घरी बोलणारे मूल प्रमाण मराठीतील वाक्प्रचार चुकविते, तेव्हा त्याला ‘कल्पनाशक्ती नाही’ असा शेरा मिळतो. वस्तुतः त्याच्याकडे दुसऱ्या रूढीतील लक्षणा असते. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे केलेल्या कार्यात मुलाच्या परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे स्थान दिले होते. तोच न्याय भाषेतील उपमानांना लावावयास हवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, असे म्हटले आहे. या धोरणाचा अर्थ केवळ शब्दांचे भाषांतर असा घेतला गेला, तर त्या भाषांतील प्रतिमा वर्गाबाहेरच राहतील.

परिचयाचा क्रम : वरील विवेचनावरून प्राथमिक इयत्तांसाठी स्थूल क्रम सुचविता येतो. आरंभी नाद व चेतनीकरण यांना स्थान असावे. अनुप्रास-यमकांत शब्दच खेळणे होतात आणि ढग, चाक, चप्पल यांना बोलते केल्याने मुलाच्या स्वाभाविक विचारपद्धतीशी भाषा जुळते. त्यानंतर डोळा, कान, हात, जीभ यांना जाणवणाऱ्या साम्याच्या उपमा याव्यात. कोडी व उखाणे यांचे येथे मोठे साहाय्य होते. कोडे म्हणजे उपमेय लपविलेले रूपक होय. त्याचे उत्तर शोधताना मूल मुख्यार्थबाध, तद्योग या दोन्ही पायऱ्या खेळता खेळता चढते. गोड, थंड, कडक, वाकडा अशा दुहेरी अर्थाच्या शब्दांवरील चर्चा दुसरी-तिसरीत व्हावी. स्वभाव, काळ, राग, भीती अशा अमूर्त गोष्टींची रूपके तिसरी-चौथीत यावीत. वेळ ‘वाया जातो’, राग ‘चढतो’ व ‘उतरतो’, हे आपण रोज म्हणतो. नित्याच्या विचाराचा पायाच असा रूपकात्मक असतो, हे जॉर्ज लॅकॉफ व मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये मांडलेले प्रतिपादन या टप्प्यावर शिक्षकाला उपयोगी पडेल. अलंकारांची नावे या सर्वांनंतर यावीत. ओळखीच्या वस्तूला नाव मिळाले म्हणजे ते लक्षात राहते. नावामागून वस्तू आली, तर बहुधा नावच उरते.

चित्रांचा उपयोग जपून करावा. ‘पोटात कावळे’ या शब्दांशेजारी पोटात बसलेल्या कावळ्यांचे चित्र विनोद म्हणून उपकारक ठरते, कारण ते अंतर दाखविते. परंतु प्रत्येक उपमेचे चित्र काढून दिल्यास मुलाने मनात काढावयाचे चित्र राहून जाते. काही मुलांना, विशेषतः स्वमग्नतेसारख्या अवस्थेतील मुलांना, वाच्यार्थ बाजूला ठेवणे अधिक अवघड जाते. त्यांच्यासाठी मात्र स्पष्ट सांगणे, संदर्भ दाखविणे व तोच प्रयोग अनेक प्रसंगी आणणे आवश्यक असते.

मूल्यमापन : अलंकार म्हणजे दागिना या शब्दार्थामुळे आलंकारिक भाषा ही साध्या भाषेवर चढविलेली शोभा होय, असा समज शालेय व्यवहारात रूढ झाला. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीला काव्याचा आत्मा मानून शोभा व अर्थ यांतील फरक स्पष्ट केला होता. शाळेपर्यंत तो विचार पोहोचला नाही. शोभेचा समज धरून चालले, की अलंकार हे हुशार मुलांसाठी राखून ठेवावयाचे अधिकचे गुण ठरतात. प्रत्यक्षात वृत्तपत्रातील मथळा, निवडणुकीतील घोषणा, जाहिरात, न्यायालयातील युक्तिवाद या सर्वांत लक्ष्यार्थ ओळखता येणे हे साक्षरतेचेच अंग आहे. दोन वस्तूंत नेमके काय सारखे आणि काय वेगळे हे विचारण्याची सवय ज्याला लहानपणी लागली, तो पुढे कोणी फसवी तुलना केली असता ती ओळखू शकतो. ज्याला केवळ ‘सारखा’ या शब्दाखाली रेघ मारावयास शिकविले गेले, त्याला हे साधत नाही. प्राथमिक वाचनातील आलंकारिक भाषेचे यश मुलाने किती अलंकार ओळखले यावरून ठरवू नये. पाहिलेल्या वस्तूविषयी त्याने स्वतःची एखादी नवी तुलना केली का आणि ती का जुळते हे आपल्या शब्दांत सांगितले का, हीच त्याची खरी कसोटी होय.